क्रूपसाठी डॉक्टरांनी दीड वर्षाच्या बाळाला स्टिरॉइड लिहून दिलंय, द्यावं का?

हो द्या, घाबरू नका. क्रूपमध्ये स्वरयंत्राजवळ सूज येते म्हणून तो कुत्रा भुंकल्यासारखा खोकला येतो आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ती सूजच उतरवतं, साधारण २ तासांत फरक पडायला लागतो आणि परिणाम दोन-तीन दिवस टिकतो म्हणून बहुतेक वेळा एकच डोस पुरतो, तो वजनावर ठरतो तेव्हा घरात उरलेलं औषध अंदाजाने अजिबात देऊ नका. महिनोन्महिने घ्यायच्या स्टिरॉइडची भीती इथे नको. बाळाला मांडीवर ताठ बसवा, रडू देऊ नका, रडलं की श्वास अजून अडकतो. शांत असतानाही श्वास घेताना घर्रघर्र आवाज, बरगड्यांखाली खड्डा, ओठ निळसर किंवा लाळ गळतेय असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तसंच उचलून हॉस्पिटल गाठा.