क्रिएटिव्ह फोटोग्राफी आणि शिल्पकलेच्या कार्यशाळेत चित्रकलेच्या विद्यार्थ्याने काय तयारी करावी, आणि काम कुठे फसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पाच दिवसांची कार्यशाळा आहे, सकाळी क्रिएटिव्ह फोटोग्राफी आणि दुपारी शिल्पकला. कॅमेरा म्हणून फक्त मोबाइल आहे, मातीला आजवर हात लावलेला नाही. तिथे काय करून घेतात, सोबत काय न्यावं आणि काम कुठे बिघडतं?

अशा कार्यशाळेत कल्पना सुचत नाही म्हणून फारसं कोणाचं अडत नाही. अडतं ते वाळण्यापाशी. कागद वाळावा लागतो, प्लास्टर घट्ट व्हावं लागतं आणि दोन्ही कोणासाठी घाई करत नाहीत. मातीच्या शिल्पावर प्लास्टरचा साचा घेतात, माती काढून त्या साच्यात प्लास्टर भरतात आणि शेवटी साचा फोडून शिल्प बाहेर काढतात. म्हणून पहिल्याच दिवशी उलटा हिशेब मांडा. पाचव्या दिवशी साचा फोडायचा, तर चौथ्या दिवशी तो उघडून, साफ करून भरलेला हवा. म्हणजे तिसऱ्या दिवशी साचा घ्यायला हवा आणि मातीकाम त्या दिवशी दुपारी संपायला हवं. बहुतेक जण चौथ्या दिवशीही नाकच घडवत बसतात आणि मग रिकाम्या हाताने घरी जातात.

फोटोग्राफीत बहुतेक ठिकाणी सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हात निळा छाप घेणं), पिनहोल (भिंगाऐवजी बारीक भोक असलेल्या पेटीने फोटो काढणं) आणि लाइट पेंटिंग (अंधारात हलत्या दिव्याने रेषा काढून त्यांचा फोटो घेणं) यांतलं काहीतरी असतं. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने सायनोटाइपवर जोर द्यावा असं माझं मत आहे, कारण तिथे कागद आणि ब्रश तुमच्या ओळखीचे असतात.

सायनोटाइपची पद्धत ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधली. कृती आजही जवळपास तीच आहे. एका बाटलीत 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं), दुसरीत 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही द्रावणं गडद बाटल्यांत वेगवेगळी ठेवली तर टिकतात. समप्रमाणात एकत्र केली की त्याच दिवशी संपवायची. ब्रशने लावायचं असेल तर ए4 च्या तीन-चार कागदांना 10 मिली मिश्रण पुरतं. ब्रशला धातूची पट्टी नसलेली बरी. पिवळ्या मंद दिव्याखाली आधी आडवा, मग उभा हात फिरवा आणि थांबा. थारोळं राहिलं तर ते धुताना निघून जातं आणि चित्रावर डाग राहतो. हातमोजे घाला. फेरिसायनाइडच्या जवळपास तीव्र आम्ल आणू नका.

कागद अंधारात पूर्ण कोरडा होऊ द्या. हाताला जरा गार लागला तरी तो ओलाच समजा. ओल्या कागदावर निगेटिव्ह (उलट्या रंगांत छापलेली फोटोची पारदर्शक फिल्म) चिकटते, रसायन तिच्यावर उतरतं आणि दोन्ही वाया जातात. लेप पिवळट हिरवा दिसला पाहिजे. वापरण्याआधीच निळसर झाला असेल तर त्याला उजेड लागलेला आहे, तो बाजूला टाका. कागद निवडताना एक उलटी गोष्ट लक्षात घ्या. दीर्घकाळ टिकावा म्हणून ज्यात चुन्याचा अंश मिसळलेला असतो तो महागडा कागद इथे नडतो, कारण अल्कली हा निळा रंग खाते. साधा जलरंगाचा कागद आधी एका तुकड्यावर तपासून घ्या.

निगेटिव्हसाठी मोबाइलवरचा फोटो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट थोडा कमी ठेवा, रंग उलटे करा, आडवा फिरवा (आरशात दिसतो तसा डावं-उजवं उलटं) आणि पारदर्शक फिल्मवर छापा. आडवा फिरवायचा कारण शाईची बाजू कागदाला टेकली पाहिजे, नाहीतर फिल्मच्या जाडीएवढी धूसरता येते. लेझर प्रिंटरचा काळा बहुधा अपुरा पडतो, तेव्हा दोन फिल्म तंतोतंत जुळवून एकावर एक ठेवा. वरून काच, चारही बाजूंना चिमटे. पानं-फुलं ठेवून फोटोग्राम करणार असाल तर ती आधी दाबून चपटी करा.

वेळ ठरवायला चाचणीपट्टी करा. काळं पुठ्ठं दर 2 मिनिटांनी एकेक बोट सरकवत न्या. कडक उन्हात 5 ते 10 मिनिटं लागतात, ढगाळ हवेत अर्धा तासही. उघडा भाग हिरव्यावरून निळ्यावर आणि मग राखाडी-तपकिरीवर गेला की झालं. तो निळा असतानाच उचललात तर धुताना सगळं वाहून जातं. नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त बिघडतं ते इथेच. ‘जास्त झालं’ वाटण्याच्या थोडं पुढेपर्यंत थांबा. मग पाण्यात 5 ते 10 मिनिटं, पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा. पाणी क्षारयुक्त असेल तर पहिल्या धुण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाका. वाळल्यावर एका दिवसात निळा आपोआप गडद होतो, म्हणून ओल्या छापावरून निकाल देऊ नका.

पिनहोलमध्ये सगळा खेळ भोकाचा. पेटीची खोली 100 मिमी असेल तर भोक साधारण 0.37 मिमी हवं. पेयाच्या डब्याचा पत्रा कापा, सुईचं फक्त टोक टोचा, मागे आलेला उंचवटा बारीक पॉलिशपेपरने घासा, पुन्हा टोचा. मोजायला स्कॅनरवर 1200 डीपीआयला स्कॅन करा. भोक 17-18 पिक्सेल भरलं पाहिजे. हे छिद्र सुमारे एफ/270 होतं (पेटीची खोली भागिले भोक). फोटोपेपरची संवेदनशीलता आयएसओ 6 च्या आसपास धरली तर कडक उन्हात मिनिटभर, सावलीत 5 ते 10 मिनिटं. पेटी आतून मॅट काळी, सांधे काळ्या टेपने बंद आणि वर एक वजनदार दगड. चित्र दुहेरी आलं तर दोष बहुधा भोकाचा नसतो, शटरची टेप सोलताना पेटी हललेली असते.

लाइट पेंटिंग मोबाइलवर सहज होतं, पण नाइट मोडवर नाही. तो अनेक फ्रेम जोडतो आणि हलत्या उजेडाची रेष तुटक करू शकतो. प्रो मोड, आयएसओ 100, शटर 10 ते 30 सेकंद, फोकस आधी टॉर्च लावून पक्का करायचा, मोबाइल स्टँडवर, शटर टायमरने. काढणाऱ्याने गडद कपडे घालावेत. एवढं पुरे.

आता माती. पहिलं काम म्हणून उठावशिल्प निवडायचा मोह चित्रकारांना होतो, कारण ते चित्राच्या जवळचं वाटतं. मी म्हणेन, गोल शिल्पच (चारही बाजूंनी बघता येणारं) करा, फक्त लहान करा. उठावात तुम्ही पुन्हा समोरूनच बघत राहता. 18 ते 20 सेंटीमीटर उंचीचं डोकं घ्या. त्याला 6-7 किलो ओली माती लागते.

आर्मेचर म्हणजे आतला सांगाडा. 30 बाय 30 सेंटीमीटरच्या जाड प्लायवर उभा पाइप घट्ट बसवा. प्लायला आधी ऑइलपेंट लावा, नाहीतर तो मातीतलं पाणी पिऊन वाकतो. 4-5 मिमी ॲल्युमिनियम तारेचे दोन वेढे एकमेकांना काटकोनात, दिव्याच्या बल्बच्या आकारात बांधा. तार सर्व बाजूंनी अंतिम पृष्ठभागाच्या 2-3 सेंटीमीटर आत राहिली पाहिजे. हनुवटीतून तार बाहेर आली की तिथे काहीच करता येत नाही, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी. आत लाकडाच्या दोन छोट्या पट्ट्या अधिकच्या चिन्हासारख्या बांधून तारेने लोंबत्या सोडा. याला बटरफ्लाय म्हणतात. ओली माती स्वतःच्या वजनाने खाली सरकते, तिला हा बटरफ्लाय धरून ठेवतो.

माती चांगली मळा, लहान गोळे दाबून दाबून भरा, वर थापू नका. डोळे-ओठ दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस फक्त कवटीचा, जबड्याचा आणि मानेच्या कलण्याचा. काम फिरत्या पाटावर ठेवा आणि दर 45 अंशांना बाह्यरेषा तपासा. मॉडेलच्या आणि कामाच्या आठही बाजूंचे मोबाइलवर फोटो घ्या, कॅमेऱ्याची उंची आणि अंतर तेच ठेवून. चूक शोधायला यापेक्षा जलद उपाय नाही. खोलीतली ट्यूबलाइट बंद करून बाजूने एकच दिवा लावा. चारी बाजूंच्या सपाट उजेडात गालाचा खड्डा दिसतच नाही. रात्री ओलं फडकं आणि वर प्लास्टिक, पण फडकं थेट नाकावर नको, झिजतं.

भट्टीत भाजायचं असेल तर हे सगळं बदलतं. आत सांगाडा चालत नाही, काम पोकळ हवं, भिंत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. माती भट्टीत फुटते ती मुख्यतः आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन. बिचाऱ्या हवेच्या बुडबुड्याला उगाच दोष मिळतो. पाच दिवसांत जाड काम वाळत नाही, तेव्हा प्लास्टरकडेच वळा.

एकदाच ओतायचं असतं म्हणून सहसा वेस्ट मोल्ड करतात, म्हणजे शेवटी फोडून टाकायचा साचा. साचा आणि ओतकाम मिळून सुमारे 6 किलो प्लास्टर लागतं, वाया जाणारं धरून 8 किलो आणा. पिशवी ताजी हवी. हवेतली ओल घेतलेलं प्लास्टर नीट घट्ट होत नाही. प्रमाण वजनाने 100 भाग प्लास्टरला 70 भाग पाणी. नेहमी पाण्यात प्लास्टर भुरभुरवा, उलट कधीच नाही. पृष्ठभागावर कोरडी बेटं दिसू लागली की मिनिट-दोन मिनिटं न हलवता भिजू द्या, मग हात तळाशी ठेवून हळू ढवळा. हातमोजा घातलेलं बोट बुडवून काढल्यावर खालचा रंग दिसत नसेल तर मिश्रण तयार. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पाणी घालून ते वाचत नाही, फक्त ठिसूळ होतं. मागच्या वेळचे वाळलेले कण भांड्यात राहिले तर नवं प्लास्टर लवकर गोठतं.

कानांच्या मागून, डोक्यावरून जाणाऱ्या रेषेवर पातळ पत्र्याच्या पट्ट्या खोचून मागचा भाग वेगळा करा. पहिला थर 5 मिमी, त्यात चिमूटभर गेरू. हा थर बोटांनी शिंतडायचा, म्हणजे नाकपुड्यांत आणि कानांत जातो. तो घट्ट झाल्यावर कडा सोडून वर मातीचं पातळ पाणी फिरवा, मग पांढरा दुसरा थर, एकूण जाडी अडीच सेंटीमीटरपर्यंत. रंगीत थर का, ते फोडताना कळतं. छिन्नीखाली गेरू दिसला म्हणजे शिल्प अगदी जवळ आलं.

दुसऱ्या दिवशी सांध्यावर पाणी ओता आणि लाकडी पाचरी हळूहळू ठोका. माती काढा, मऊ ब्रशने धुवा. साचा पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. कोरडा साचा नव्या प्लास्टरचं पाणी शोषतो आणि चेहऱ्यावर टोचे पडतात. मग साबणाच्या द्रावणाचे तीन हात, प्रत्येक वेळी फेस टिपून, शेवटी तेलाचा अगदी पुसट हात. तेल साचलं तर डोळ्यांची धार बोथट होते. दोन्ही भाग बांधून, सांधा बंद करून पातळ प्लास्टर आत फिरवा, त्यानंतरच्या थरांत काथ्या बुडवून लावा. काथ्या पहिल्या थरात नको, तो पृष्ठभागावर दिसतो.

घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, जाड गोळा 60 अंशांच्या वर जाऊ शकतो. गंमत म्हणूनही हात बादलीभर प्लास्टरमध्ये रोवू नका. आत अडकलेला हात भाजतो आणि काढता येत नाही. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, भांड्यातच गोठवून कचऱ्यात टाका. माती-प्लास्टरची धूळ कोरड्या झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

फोडताना बोथट छिन्नी पृष्ठभागाला काटकोनात धरा आणि डोक्याच्या मागच्या बाजूने सुरुवात करा. तिथे हात बसतो, चुकलं तरी नुकसान कमी.

शिल्पाचे फोटो हा या दोन कार्यशाळांमधला सामाईक धडा आहे. छायाचित्रकार एडवर्ड स्टाइकन यांनी 1908 मध्ये शिल्पकार रोदँच्या प्लास्टरमधल्या बाल्झाकचे (फ्रेंच कादंबरीकाराच्या पुतळ्याचे) फोटो चांदण्यात काढले, आणि शिल्पकार ब्रांकुशी स्वतःच्या शिल्पांचे फोटो स्वतः काढत. मोबाइलने हे करताना दीड-दोन मीटर लांब उभे राहा आणि 2 एक्स लेन्स वापरा. जवळून वाइडने नाक फुगतं. एका बाजूने खिडकी, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा, मागे मध्यम राखाडी पार्श्वभूमी, फ्लॅश बंद. कॅमेरा पांढरं प्लास्टर राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर +0.7 ते +1 करा. ओली गडद माती तो उगाच उजळ करतो, तिथे −0.7.

आणि मातीकामाचे फोटो त्यावर प्लास्टर लावण्याआधी घ्या. वेस्ट मोल्डमध्ये मूळ मातीकाम उरत नाही. फोडताना नाकाचं टोक गेलं तर ती जागा ओली करून, चमचाभर प्लास्टर कालवून ते पुन्हा उभारता येतं, पण समोर दोन्ही बाजूंचे आणि खालून घेतलेले फोटो असतील तरच.