सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकमाने रोमन लोक ख्रिस्ती झाले, हे खरं आहे का?

नाही. तसा हुकूम त्याने काढलाच नव्हता. 313 साली मिलानमध्ये त्याने आणि पूर्वेकडचा सहसम्राट लिसिनियसने ठरवलं ते इतकंच, की ज्याने त्याने आपला धर्म पाळावा आणि ख्रिस्ती मंडळींच्या जप्त झालेल्या जागा परत कराव्यात. सर्व प्रजेने हाच धर्म मानावा असं फर्मान निघालं 380 मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या कारकिर्दीत. कॉन्स्टंटाइनने स्वतः बाप्तिस्मा घेतला तोही 337 मध्ये, अगदी मरणाच्या दारात.

आणि माणसं एकदा या धर्मात आली की कायमची आली, असंही नव्हतं. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानातला) रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो, की चौकशीत काहीजण म्हणाले, आम्ही ख्रिस्ती होतो, पण केव्हाच सोडलं. कुणी तीन वर्षांपूर्वी, कुणी तर वीसेक वर्षांपूर्वी. पुढे 250 मध्ये सम्राट डेसियसने सर्वांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा असं फर्मावलं. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला, आणि संकट टळल्यावर ते रडत परत आले. त्यांना घ्यायचं की नाही, यावरून उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियनच्या काळात मंडळीत मोठा वाद पेटला. या लोकांना भित्रे म्हणायला माझं मन धजत नाही. मुलाबाळांचा जीव टांगणीला लागलेला असताना त्यांनी ते केलं असेल.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मारियुस व्हिक्टोरिनस. रोममधला नामवंत वक्तृत्वशिक्षक, भर चौकात त्याचा पुतळा उभारलेला. ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. म्हातारपणी ख्रिस्ती ग्रंथ वाचून तो आपला ख्रिस्ती मित्र सिम्प्लिसियानुसला खासगीत सांगायचा, "मी ख्रिस्ती झालोय." सिम्प्लिसियानुस म्हणायचा, चर्चमध्ये दिसलास तर मानीन. यावर व्हिक्टोरिनस विचारी, "मग काय भिंती माणसाला ख्रिस्ती करतात?" हे बरेचदा झालं. खरी भीती होती ती प्रतिष्ठित मित्र दुरावण्याची. शेवटी एक दिवस तो आपणहून म्हणाला, चला चर्चमध्ये. संकोच वाटत असेल तर खासगीत कबुली द्या, असं धर्मगुरूंनी सुचवलं. तेही त्याने नाकारलं आणि सगळ्या रोमसमोर उभं राहून आपली श्रद्धा सांगितली.

362 मध्ये सम्राट जुलियनने ख्रिस्ती शिक्षकांना शिकवायची बंदी केली. हा सम्राट लहानपणी ख्रिस्ती संस्कारांत वाढला होता आणि पुढे जुन्या देवांकडे वळला होता. व्हिक्टोरिनसने शाळा सोडली, श्रद्धा सोडली नाही.