लाकडी कपाटं असलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतींना कोणता रंग शोभेल?

आधी लाकडाची झाक ओळखा. पांढरा कागद कपाटाच्या दाराला टेकवून धरा. लाकूड पिवळट, नारिंगी, लालसर की राखाडी आहे ते लगेच कळतं.

नारिंगी किंवा मधासारखं लाकूड असेल तर भिंतीला बदामी, बेज असे रंग टाळाच. सगळं एकाच रंगात विरघळतं आणि खोली मळकट वाटते. त्याऐवजी फिकट राखाडी-हिरवा किंवा धुरकट निळा घ्या. निळा हा नारिंगीचा विरोधी (रंगचक्रात समोरासमोर येणारा) रंग, त्यामुळे लाकूड उठून दिसतं. (नारिंगीपणा डोळ्यांत खुपत असेल तर मात्र निळा नको, तो आणखी भडक दिसेल. मग उबदार ऑफ-व्हाइट बरा.) गडद अक्रोडी लाकडाला हस्तिदंती रंग छान दिसतो.

कॅटलॉगच्या चिमुकल्या तुकड्यावरून ठरवू नका. दोन फुटी पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारून तो कपाटाशेजारी ठेवा आणि दिवसा व रात्री दोन्ही वेळा बघा. २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पिवळ्या दिव्यात तोच रंग वेगळा दिसतो.

फिनिश सॅटिन (हलकी चमक असलेलं) घ्या, तेलाचे डाग पुसता येतात.