गाडी चालू केली की रेडिओ टरटरतो

प्रश्न : काका नमस्कार, बाबांची १९७८ची पद्मिनी आहे, त्यात जुना मीडियम वेव्हचा सेट. इंजिन बंद असलं की मस्त वाजतो, चालू केलं की टरटर सुरू आणि रेस दिली की टरटर पण वाढते. मालवा हाऊसचं (आकाशवाणी इंदूरचं) स्टेशन तरी कळतं, पण रात्री मुंबईची अस्मिता वाहिनी लावली की नुसती टरटर. मेकॅनिक म्हणतो "भिया निकाल दो इसको, ब्लूटूथवाला लगा दो." काय करू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सेट काढू बिढू नका हो, इंजिन बंद असताना नीट वाजतोय म्हणजे तो ठणठणीत आहे. चार सिलिंडरचं इंजिन रेस न देता मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर असलं तरी सेकंदाला २६-२७ ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी स्वतःच एक बारका ट्रान्समीटर असते. इंदूर केंद्र ६४८ किलोहर्ट्झवर, अगदी शेजारी, म्हणून ते टरटरीला दाबून टाकतं, ५५८ वरची अस्मिता इतक्या लांबून येते की तिचा जोरच उरत नाही.

आधी सिगारेट लायटरमधला मोबाइल चार्जर काढा, हसू नका, तोही भरपूर कचरा सोडतो. मग इंजिन चालू ठेवून सेटच्या मागची एरियलची पिन उपटा. टरटर गेली तर ती एरियलमधून येतेय, आणि बहुतेक वेळा तसंच निघतं. मडगार्डच्या आतून एरियलचा नट बघा, चाकाने उडवलेला चिखल आणि गंज तिथेच बसतो, वर कोणीतरी रंगही मारलेला असतो. नट सोडून तेवढा पत्रा चकचकीत होईस्तोवर घासा, एरियलच्या वायरीवरच्या तारेच्या जाळीपासून बॉडीपर्यंत मीटरवर जवळजवळ शून्य ओहम आलं पाहिजे. बॉनेट ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी अशा विणलेल्या तांब्याच्या अर्थिंग पट्ट्या पण लावा, बिजागरीवर भरवसा नको, तिच्यात ग्रीस असतं. मग नंबरात आर असलेले, म्हणजे आत रेझिस्टर असलेले स्पार्क प्लग घाला, साधारण ५ किलोओहमचे. प्लग, कॅप, वायर सगळंच रेझिस्टरवालं घेऊ नका, पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्यूटरमध्ये उघडझाप करणारे संपर्क असलेल्या) गाडीची ठिणगी मरते आणि जानेवारीत धक्का मारत बसाल.

पिन उपटूनही टरटर राहिली तर ती सप्लायच्या वायरीतून येतेय. इग्निशन कॉइलवर (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवते ती) चावीकडून वायर येते त्या टर्मिनलला १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा, त्याची बॉडी कॉइलच्याच बोल्टखाली कसा. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला चुकूनही लावू नका, पॉइंटला स्वतःचा ०.२च्या आसपासचा कंडेन्सर असतो, त्यात हा मिळाला की गाडी मिस मारते आणि पॉइंट जळतात.

टरटरीऐवजी कुंईईई असा आवाज असेल तर संशय डायनॅमोवर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर). रेडिओची वायर चावीतून आली नसेल तर उभ्या गाडीत रेस देऊन चावी बंद करा : टरटर तत्काळ थांबते, कुंई इंजिनबरोबर हळूहळू उतरते. डायनॅमोला तसाच कंडेन्सर जाड वायरीच्या टर्मिनलवर, बारक्या वायरीच्या फील्ड टर्मिनलवर कधीच नाही.

शेवटी एरियल पूर्ण वर काढून १४०० किलोहर्ट्झजवळचं एखादं क्षीण स्टेशन धरा आणि एरियलच्या सॉकेटपाशी ट्रिमरचा बारका स्क्रू असतो तो आवाज सर्वात मोठा येईपर्यंत फिरवा. मूळ एरियलच्या जागी कोणी बुटकी रबरी एरियल बसवली असेल तर ती काढून लांब दांडीचीच लावा.