मिनी टमी टक, पूर्ण टमी टक की लायपोसक्शन : कशावरून ठरवावे?

दुसऱ्या बाळंतपणाच्या सिझेरियननंतर टाक्यांच्या वर पोटाची घडी लोंबते, वजन वर्षभर ६४ किलोवर स्थिर आहे, आणि सांगलीत एका डॉक्टरांनी लायपोसक्शन (नळीने चरबी काढणे), तर दुसऱ्यांनी टमी टक (पोटाची सैल त्वचा कापून पोट घट्ट करण्याची शस्त्रक्रिया) सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात राहणारी, दोन मुलांची आई आहे. याच पेचात वर्षभर राहून अखेर पुण्यात पूर्ण टमी टकची शस्त्रक्रिया करून घेतली, एवढाच माझा अधिकार.

आपल्या दोन्ही डॉक्टरांनी आपल्याला टेबलावर निजवून तपासले का, हे मला प्रथम विचारावेसे वाटते. मी ज्या पहिल्या ठिकाणी गेले होते, तेथे मला उभ्या उभ्या पाहून पाच मिनिटांत लायपोसक्शनचे पॅकेज सांगण्यात आले. दुसऱ्या सर्जनांनी मात्र उताणे निजवून, गुडघे वाकवून, फक्त डोके वर उचलायला सांगितले आणि बेंबीच्या वर मध्यरेषेवर बोटे ठेवली. पोटाच्या मधोमध जे दोन उभे स्नायू असतात, त्यांच्यामध्ये त्यांची तीन बोटे सहज बसली. गरोदरपणात हे स्नायू एकमेकांपासून दूर सरतात आणि कित्येकींचे पुरते जवळ येत नाहीत. दोन सेंटिमीटरहून जास्त फट राहिली तर साधारणपणे ती दोष मानली जाते. माझे पोट संध्याकाळी पुढे येत असे, ते चरबीमुळे नव्हे, तर या फटीमुळे.

लायपोसक्शनमध्ये नळीवाटे काढली जाते ती फक्त त्वचेखालची, चिमटीत धरता येते ती चरबी. त्याने ना ही फट मिटते, ना सैल त्वचा कापली जाते. उलट आतला भराव कमी झाल्यामुळे आधीच ओघळलेली त्वचा अधिक सुरकुतलेली दिसू शकते. ज्यांची त्वचा घट्ट आहे आणि एखाद्याच जागी चरबी साठली आहे, त्यांच्यासाठी ते उत्तम आहे, पण वजन कमी करण्याचा तो उपाय नव्हे. पोट टणक असेल आणि चिमटीत फारसे काही येत नसेल, तर चरबी आत, आतड्यांभोवती आहे. तेथे सर्जनच्या नळीचा उपयोग नाही, आहार आणि चालणे हाच मार्ग.

आता मिनीविषयी. नावामुळे ही तीच शस्त्रक्रिया कमी खर्चात होते असा समज होतो, तो चुकीचा आहे. मिनीमध्ये काम मुख्यतः बेंबीखाली होते. बेंबी जागची हलवत नाहीत, छेद लहान असतो आणि बेंबीवरची सैल त्वचा तशीच राहते. आपली अडचण खरोखर टाक्यांवरच्या घडीपुरती असेल आणि वर फट नसेल, तर मिनी आपल्याला पुरेल, कारण सिझेरियनचाच व्रण थोडा लांबवून ती करता येते. माझ्यासारखी फट बेंबीच्या वरपर्यंत असेल, तर पूर्ण शस्त्रक्रियेलाच अर्थ आहे. तिच्यात एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात, स्नायू शिवून जवळ आणतात आणि त्वचा खाली ओढून तिच्यात बेंबीसाठी नवे छिद्र करतात. मी आधी सहा महिने फिजिओथेरपी केली; फट थोडी कमी झाली, कंबरदुखी बरीच थांबली, त्वचा मात्र होती तेथेच राहिली. तरीही तो काळ वाया गेला असे मला वाटत नाही.

तिसऱ्या मुलाचा विचार असेल, तर हे सगळे पुढे ढकला. पुढच्या गरोदरपणात शिवण पुन्हा ताणली जाते.

आपल्या-माझ्या भागातली एक गोष्ट मुद्दाम लिहिते. भूलतज्ज्ञ 'तंबाखू खाता का' असे विचारतात, आणि मिश्री लावणाऱ्या बायका निःशंकपणे 'नाही' म्हणतात, कारण मिश्री म्हणजे तंबाखू असे आपल्याकडे कोणी धरतच नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि वरपासून सुटी करून खाली ओढलेली त्वचा रक्ताअभावी काळी पडून मरू शकते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे मिश्री बंद हवी.

पहिला आठवडा मी कमरेत वाकून चालले आणि गुडघ्यांखाली लोड घेऊन झोपले. पाणी साठू नये म्हणून लावलेल्या नळ्या दहाव्या दिवशी निघाल्या, पोटाला आवळून बांधायचा पट्टा सहा आठवडे होता, आणि तेवढाच काळ भरलेली कळशी किंवा मूल उचलण्यास मनाई होती. परकराची नाडी नेमकी व्रणाला घासत असल्यामुळे दोन महिने गाऊनवर काढले. पुण्याला जाण्याचा मात्र पश्चात्ताप झाला, कारण प्रत्येक ड्रेसिंगसाठी सुमारे ११० किलोमीटर, तेही पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असताना. म्हणून खंबाटकीच्या अलीकडे-पलीकडे गाडी थांबवून मी चालत असे. आपल्याला मिरज इतकी जवळ आहे, तर प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी असलेले सर्जन आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय तेथेच पाहावे. पोटरी सुजली किंवा दम लागला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठता आले पाहिजे.

खर्च विचारताना अंदाजपत्रकात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, ते पाहा. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर तो लागतो आणि विमा कंपनी सहसा काही देत नाही. बेंबीचा हर्निया असल्यास त्या भागाचे पैसे मिळू शकतात, म्हणून सोनोग्राफी आणि कंपनीचे लेखी उत्तर आधीच घ्यावे.

माझा व्रण आता, दोन वर्षांनी, फिकट झाला आहे. बेंबीखालचे प्रसूतीचे वळ कापलेल्या त्वचेबरोबर गेले. वरचे तेवढे खाली सरकून आता बेंबीखाली आले आहेत.