विमान पुण्यावर आलं, मग उतरलं का नाही?

सातारा-सांगलीकडच्या वाचकांनी विमानप्रवासाबद्दल बरेच प्रश्न पाठवले आहेत. आपल्याकडून विमान गाठायचं म्हणजे पुणे किंवा कोल्हापूर, नाहीतर थेट मुंबई, त्यामुळे प्रश्नही तिथलेच आहेत. उत्तरं प्रवासी विमानं चालवणाऱ्या वैमानिकांची आहेत.

दिल्लीहून येताना जूनमधल्या एका संध्याकाळी आमचं विमान पुण्याजवळ अर्धा तास घिरट्या घालत होतं, मग मुंबईला नेलं. मुंबईत टेकलो तोवर पुण्यातला पाऊस थांबलाही होता. आणखी पंधरा मिनिटं थांबता आलं नसतं का? टाकी पूर्ण भरून का निघत नाहीत? आणि मुंबईत दोन तास बसवल्यावर ‘क्रू बदलावा लागेल’ म्हणाले, ते का?
— एक वाचक, कराड

इंधनाचा हिशोब मांडला की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यातच सापडतात. एअरबस ए३२० धरू. आकडे ढोबळ आहेत, वजन आणि वाऱ्याप्रमाणे ते बदलतात. हे विमान तासाला साधारण २,४०० किलो इंधन जाळतं, म्हणजे मिनिटाला ४० किलो. हिशोब लिटरमध्ये न ठेवता किलोत ठेवतात, कारण उष्णतेने इंधनाचं आकारमान बदलतं, वजन बदलत नाही.

दिल्ली ते पुणे प्रवासाला सुमारे ४,८०० किलो लागतात. दिल्लीत जागेवरून निघून धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत २०० किलो जातात. वाटेत वारा उलटा निघाला किंवा कमी उंचीवरून उडावं लागलं, तर त्यासाठी प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्के, म्हणजे २४० किलो. पुण्यात उतरता आलं नाही तर मुंबई गाठायला १,३०० किलो. सगळ्यात शेवटी ३० मिनिटांचा अंतिम राखीव साठा, अंदाजे १,१०० किलो. पावसाळ्यात कॅप्टन यावर आणखी हजारभर किलो मागून घेतात.

दिल्लीतले २०० आणि प्रवासाचे ४,८०० किलो जळून हे विमान ठरल्याप्रमाणे पुण्यावर पोचलं तेव्हा टाक्यांत ३,६४० किलो होते. त्यातल्या मुंबईच्या आणि अंतिम साठ्याच्या २,४०० किलोंना घिरट्यांसाठी हात लावायचा नाही. उरले १,२४०. मिनिटाला ४० किलो म्हणजे ३१ मिनिटं. तुमचा अर्धा तास तो हाच. किती इंधन उरलं की मुंबईकडे निघायचं तो आकडा घिरट्या सुरू करतानाच दोन्ही वैमानिक एकमेकांना मोठ्याने सांगून ठेवतात, कारण तो ऐनवेळी ठरवायला बसलं की ‘अजून एक फेरी मारू’ असं वाटायला लागतं. अंतिम साठ्यापेक्षा कमी इंधनावर उतरावं लागेल असं दिसलं तर वैमानिकाला ‘मेडे फ्युएल’ म्हणजे इंधनाची आणीबाणी जाहीर करावीच लागते. तिथपर्यंत वेळ येऊ द्यायची नसते.

पाऊस थांबला तरी लगेच उतरायला मिळतं असंही नाही. तुमच्या पुढे रांगेत इतर विमानं असतात. शिवाय पुण्याची सगळी विमानं एकदम मुंबईकडे वळली तर तिथे उभं राहायला जागा संपते आणि मग हैदराबाद किंवा अहमदाबाद शोधावं लागतं.

टाकी पूर्ण भरली तर ए३२० मध्ये १८ टनांच्या वर इंधन बसतं. पण या विमानाला उतरताना साधारण ६६ टनांची मर्यादा आहे. भरल्या टाकीने निघालो तर दोन तासांनी पुण्यावर येऊनही वजन त्या मर्यादेच्या बरंच वर राहील. शिवाय इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. जादा हजार किलो दोन तास वाहायचे तर त्यातले साठ-सत्तर किलो वाटेतच जळतात.

क्रूचं म्हणाल तर त्यांची ड्युटी विमान सुटल्यापासून मोजत नाहीत. ते विमानतळावर हजेरी लावतात तिथपासून, म्हणजे उड्डाणाच्या तासभर आधीपासून ती चालू होते. घिरट्या, मुंबईतली वाट, इंधन भरणं हे सगळं त्यातच धरलं जातं. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मर्यादेत पुण्यापर्यंतचा वेळ बसत नसेल तर त्या वैमानिकाने विमान हलवायचं नाही. थकलेल्या वैमानिकाला स्वतःचा थकवा नीट कळत नाही, म्हणून हा निर्णय त्याच्यावर न सोडता घड्याळावर सोडलेला आहे आणि तो तसाच राहायला हवा.

मे महिन्यात दुपारी कोल्हापूरहून हैदराबादला गेलो. विमानात जागा होती, तरी काही जणांच्या बॅगा मागे ठेवल्या, त्या दुसऱ्या दिवशी मिळाल्या. हा कारभार म्हणायचा का?
— एक वाचक, मिरज

राग रास्त आहे, निदान आधी सांगायला हवं होतं. पण कारण खरं असू शकतं. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो. त्यात दुपारचं ४० अंश तापमान आलं की १५ अंशांच्या मानाने हवा आणखी ८ टक्क्यांनी विरळ होते. म्हणजे हवेची घनता एकूण १४ टक्क्यांनी घटली. तेवढंच वजन उचलायला विमानाला ८ टक्के जास्त वेग गाठावा लागतो आणि विरळ हवेत इंजिनाची ताकद त्याच वेळी कमी झालेली असते. धावपट्टी मात्र आहे तेवढीच.

त्यातून प्रत्येक उड्डाणाआधी ‘व्ही-वन’ नावाचा एक वेग काढलेला असतो. त्याच्या आत इंजिन बिघडलं तर उरलेल्या धावपट्टीवर थांबता आलं पाहिजे. त्यानंतर बिघडलं तर एकाच इंजिनावर उडून पुढचे अडथळे ओलांडता आले पाहिजेत. या दोन्ही अटी पाळता येतील एवढंच वजन घ्यायचं. इंधन ठरलेल्या आकड्याखाली उतरवता येत नाही, त्यामुळे आधी माल खाली येतो, मग बॅगा आणि फारच अडलं तर प्रवासी. सत्तर प्रवाशांच्या १५-१५ किलोच्या बॅगा म्हणजे टनभर वजन होतं. एटीआरसारख्या छोट्या पंख्याच्या विमानाला ते कमी नाही. उन्हाळ्यात शक्यतो सकाळचं विमान घ्या. औषधं, कागदपत्रं आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेतच ठेवा.

मुंबईत चाकं टेकायला आली आणि विमान एकदम गर्जना करत पुन्हा वर गेलं. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. शेजारच्या बाई रडायला लागल्या. नेमकं काय बिघडलं होतं?
— एक वाचक, वाई

बहुतेक काहीच नाही. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात आणि दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये त्याची परीक्षा होते. उतरताना जमिनीपासून १,००० फुटांवर तपासणी असते. वेग ठरलेल्या आकड्याजवळ, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) उतरण्याच्या स्थितीत, चाकं खाली, विमान धावपट्टीच्या मध्यरेषेच्या सरळ आणि खाली येण्याचा वेग मिनिटाला १,००० फुटांच्या आत, हे सगळं जुळलेलं हवं. एक जरी गोष्ट बसली नाही तर वर जायचं. स्वच्छ हवेत बऱ्याच कंपन्या ही तपासणी ५०० फुटांवर धरतात. मुंबईत आणखी एक कारण नेहमीचं आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळ एकच वापरात असते. आधी उतरलेल्या विमानाला बाहेर पडायला थोडा उशीर झाला की मागच्याला वर जावं लागतं.

त्या क्षणी कॉकपिटमध्ये विमान चालवणारा पायलट ‘गो-अराउंड, फ्लॅप्स’ म्हणतो, थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) पूर्ण पुढे ढकलतो आणि नाक १५ अंशांपर्यंत वर घेतो. दुसरा फ्लॅप एक टप्पा आत घेतो आणि विमान वर चढतंय हे उंची-मापकावर पाहून ‘पॉझिटिव्ह क्लाइंब’ म्हणतो. मगच चाकं आत जातात. पाठोपाठ कंट्रोलरकडून नवी दिशा आणि उंची येते, ती लावायची, मग चेकलिस्ट, इंधन आणि पुन्हा उतरण्याची तयारी. प्रवाशांशी बोलण्याचा नंबर या सगळ्यानंतर लागतो, म्हणून ती शांतता. हलकं झालेलं विमान पूर्ण ताकदीवर फार जोरात चढतं, तेही अंगावर येतं.

वर न जाण्याचा धोका किती मोठा असतो ते २२ मे २०१० ला मंगळुरूत दिसलं. विमान फार उंचावरून, वेगात येत होतं. सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंड करायला सांगितलं, पण कॅप्टनने उतरण्याचा हट्ट सोडला नाही. विमान धावपट्टीपलीकडच्या दरीत गेलं आणि १५८ जण गेले. अधिकृत चौकशीने दोष नेमका त्या हट्टावर ठेवला. तुमचा वैमानिक वर गेला, त्याने योग्य तेच केलं.

डिसेंबरात पुण्यात लख्ख ऊन आणि विमान ‘दिल्लीत धुकं’ म्हणून उभं. दिल्लीत तर धुक्यात उतरायची यंत्रणा आहे ना?
— एक वाचक, विटा

आहे. साध्या पद्धतीने उतरायला धावपट्टीवर ५५० मीटर दिसावं लागतं, दिल्लीतल्या सगळ्यात वरच्या श्रेणीच्या यंत्रणेवर ५० मीटरही चालतात. मात्र त्यासाठी धावपट्टी, विमान आणि दोन्ही वैमानिकांचं प्रशिक्षण हे तिन्ही त्या श्रेणीचं लागतं. शिवाय दाट धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, कारण धावपट्टीजवळचं दुसरं विमान किंवा गाडी उतरणाऱ्या विमानाला वाट दाखवणाऱ्या रेडिओ-लहरी बिघडवू शकते. मग तासाला कमी विमानं उतरतात आणि उरलेल्यांना निघतानाच थांबवतात. इंजिनं बंद ठेवून पुण्यात थांबणं दिल्लीवर मिनिटाला ४० किलो जाळण्यापेक्षा केव्हाही बरं. दारं लावून बसवतात ते निघायची वेळ अचानक अलीकडे आली तर ती हुकू नये म्हणून.

उतरताना खिडक्या उघड्या का ठेवायला लावतात?
— एक वाचक, पलूस

पंखावर किंवा इंजिनात आग दिसली तर कोणतं दार उघडायचं नाही हे केबिन क्रूला लगेच कळावं आणि डोळे बाहेरच्या उजेडाला किंवा अंधाराला सरावलेले असावेत म्हणून. निम्मी दारं बंद धरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडतात, हे विमानाला परवाना मिळण्याआधी सिद्ध करावं लागतं. त्यात पाच-दहा सेकंदही मोलाचे आहेत.

आमचं आठ महिन्यांचं बाळ उतरताना फार रडतं. काय करावं?
— एक वाचक, सातारा

आकाशात केबिनमधला दाब साधारण ७,५०० फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. महाबळेश्वर ४,५०० फुटांच्या आत आहे, म्हणजे त्याच्याही बरंच वर. पुणं १,९०० फुटांवर आहे. केबिन मिनिटाला ३०० फूट या बेताने ‘खाली’ आणतात, त्याला १९-२० मिनिटं लागतात. कानाच्या पडद्यामागची हवा या वेळात सारखी झाली नाही की दुखतं. गिळताना ती वाट उघडते, म्हणून बाळाला पाजा. पण पट्टे बांधायच्या घोषणेची वाट पाहू नका, तोवर निम्मा उतार झालेला असतो. उतरण्याच्या वेळेआधी २५-३० मिनिटं सुरुवात करा आणि तोवर बाळाला भुकेलं ठेवा. झोपलं असेल तर उठवा, झोपेत गिळणं कमी होतं. सर्दीने नाक पूर्ण चोंदलं असेल तर तिकीट पुढे ढकलण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मोठ्यांनीही सर्दी असताना नाक दाबून जोरात हवा ढकलू नये, हलकेच आणि वारंवार करावं.