भीमाची गदा जप्त होऊ शकते का?

या महिन्यात नाटक, बंदी आणि युद्ध यावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, त्यांनी रागावू नये.

प्रश्न : सर, युद्धात अडकलेल्या एका नर्सवर आम्ही एकांकिका बसवतोय. स्पर्धेच्या फॉर्मवर लिहिलंय, संहितेचं सेन्सॉर सर्टिफिकेट जोडा. हे कुठून आलं? ग्रुपमधला एक जण म्हणतो, पौराणिक करून टाकू, मग कोणी काही विचारत नाही. खरंय का?
– कॉलेज विद्यार्थिनी, सांगली

अगं, सांगलीची पोरगी मला हे विचारतेय! पौराणिक करून टाकायची आयडिया तुमच्याच गावच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये वापरून झालीय. नाटक 'कीचकवध'. विराटपर्वातली सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट, स्टेजवर व्हाइसरॉय कर्झनच्या नावातला क सुद्धा नाही, पण बंगालची फाळणी होऊन दोनच वर्षं झालेली त्यामुळे थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, सबुरीनं घ्या म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम कोण ते तर सांगायलाच नको. खाडिलकर 'केसरी'तले, टिळकांच्या जवळचे, म्हणजे सरकारला कळलं नसेल असं तर मुळीच नाही. तरी जवळपास तीन वर्षं प्रयोग झाले.

मग २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली तेव्हा तिथे प्रयोग होता 'शारदा'चा, म्हणजे म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावून द्यायला निघालेल्या मुलीची गोष्ट, राजकारणाचा वासही नाही. आणि पुढच्याच महिन्यात बंदी आली ती 'कीचकवध'वर! वातावरण तापलं की असंच होतं, घटना एकीकडे आणि फाईल भलत्याच नाटकाची उघडते.

बंदी घातली ती १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली. तो आला बंगालमधल्या नाटकांमुळे. नीळवाल्या गोऱ्यांचे जुलूम दाखवणारं 'नीलदर्पण' होतंच, वर प्रिन्स ऑफ वेल्सचं घरी आगतस्वागत करणाऱ्या एका वकिलाची टिंगल करणारं प्रहसन आलं, मग लाटसाहेबांनी आधी वटहुकूम काढला आणि वर्ष संपायच्या आत कायदा. तो एकदा वाच, करमणूक होईल. बंदी मोडली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि ते फक्त नटांना नाही हं, बंदी माहीत असून बघायला बसलेल्या प्रेक्षकालाही! पोलिसांना आत घुसून पडदे, कपडे, सामान जप्त करता यायचं, म्हणजे भीमाची गदासुद्धा. लायसन लागू असलेल्या भागात संहिता तीन दिवस आधी द्यायची, आणि मूकनाट्य असेल तर त्याचा 'आशय' लिहून द्यायचा. आता न बोललेलं नाटक कागदावर कसं लिहून देणार ते ज्याचं त्यानं बघावं. सगळ्यात भारी शेवटचं कलम, धार्मिक उत्सवातल्या जत्रांना हा कायदा लागूच नाही. म्हणजे देवळापुढे कीचक मारला तर भक्ती आणि तिकीट लावून मारला तर राजद्रोह.

हा कायदा पुस्तकातून गेला कधी माहितीये? २०१८ मध्ये. इंग्रज जाऊन सत्तर वर्षं उलटल्यावर.

पण तुझं सर्टिफिकेट त्यातलं नाहीच. ते येतं १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातून, आता त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस कायदा, आणि त्याखालच्या नियमांतून, आणि देतं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. प्रयोगाआधीच संहिता तपासायची ही पद्धत चूक आहे म्हणून अमोल पालेकर २०१६ मध्ये हायकोर्टात गेले होते. माझंही मत तेच, पण तुझी स्पर्धा तोंडावर आलीय म्हणून प्रॅक्टिकल सांगतो, संहिता लवकर पाठवा आणि जे पाठवलंय तेच बोला, अ‍ॅडिशन मारू नका. मी प्रॉम्प्टिंगला असायचो तेव्हा एका प्रयोगाला एक गृहस्थ पहिल्या रांगेत संहिता मांडीवर घेऊन छोट्या टॉर्चनं ओळ न् ओळ ताडून बघत बसलेले, आणि मी विंगेत तेच करत होतो. फरक इतकाच की हसू आलं की ते टॉर्च विझवायचे. आमचा मुख्य नट त्या दिवशी एक अख्खं पान विसरला, त्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

आणि नर्सला पौराणिक करू नका. नर्सच राहू द्या.

प्रश्न : लढाई चालू असताना सरकारला बोल लावणारी नाटकं काही दिवस थांबवली तर बिघडलं कुठे? तिकडे जवान मरतात आणि हे इकडे स्वातंत्र्य मागतात.
– निवृत्त नौसैनिक, डोंबिवली

काका, तुम्ही नेव्हीतले म्हणून नेव्हीचंच नाटक घेतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या किनाऱ्यावरच्या तळावरच्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ यावरून संप केला आणि बघता बघता तो बंदरातल्या जहाजांवर पसरला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्या उठावावर उत्पल दत्तांनी १९६५ मध्ये कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात 'कल्लोल' केलं, स्टेजवर चक्क जहाज उभं केलं. खऱ्या खलाशांनी पुढाऱ्यांचं ऐकून शरणागती पत्करली होती, दत्तांचं 'खैबर' जहाज मात्र शरण जात नाही, आणि तिथेच काँग्रेसवाल्यांना मिरची लागली. वर्तमानपत्रांनी जाहिराती घेणं बंद केलं. मग सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि दत्तांना खटला न चालवता आत टाकलं, निमित्त एका लेखाचं. महिनोन् महिने आत होते. नाटक मात्र चालूच राहिलं, शहरभर पोस्टरं, 'कल्लोल चलछे, चलबे', म्हणजे चाललंय आणि चालणार.

आता मला सांगा, त्या नाटकाचे हिरो कोण? तुमच्यासारखे रेटिंग्ज, म्हणजे साधे खलाशीच ना! त्यानं सीमेवरच्या कुठल्या जवानाचं काय नुकसान झालं असतं? बोट कधी सुटणार, तुकडी कुठे आहे, हे गुपित राहिलंच पाहिजे, त्यात वाद नाही, पण ते सांगायला नाटकात कोण येतंय? तुमचा एक मुद्दा मला मान्य आहे. ज्या घरी नुकतीच तिरंग्यातली पेटी आलीय त्या गल्लीच्या तोंडावर लगेच प्रहसन लावू नये. पण हे नाटकवाल्याला स्वतःला कळलं पाहिजे, नाही कळलं तर लोक पाठ फिरवतात. त्यासाठी चौकीवरून माणूस पाठवायची गरज नाही.

प्रश्न : रशियात दोन नाटकवाल्या बायकांना जेल झाली म्हणे. युद्धाविरुद्ध नाटक केलं होतं का?
– आयटीवाला, पुणे

नाही ना, तीच तर गंमत. स्वेतलाना पेत्रीयचुक या लेखिका आणि येवगेनिया बेर्कोविच दिग्दर्शिका. नाटकात रशियन बायका नेटवर सीरियातल्या अतिरेक्यांच्या प्रेमात पडतात आणि फसतात, म्हणजे कोणत्याही सरकारनं 'वा, छान, शाळाशाळांत दाखवा' म्हणावं असा विषय. २०२२ मध्ये त्याला 'गोल्डन मास्क' मिळाले, तिथला मोठा नाट्यपुरस्कार. मे २०२३ मध्ये दोघींना अटक आणि जुलै २०२४ मध्ये सहा-सहा वर्षं, गुन्हा 'दहशतवादाचं समर्थन'. तज्ज्ञ म्हणून ज्यांचा अहवाल घेतला त्यांच्या शास्त्राचं नाव ऐका, 'डिस्ट्रक्टॉलॉजी'! बेर्कोविचनं युक्रेनच्या युद्धाविरुद्ध कविता लिहिल्या होत्या, खरं दुखणं ते असणार असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मलाही.

खाडिलकरांच्या वेळी निदान नाटकात जे होतं त्यावर बंदी आली. इथे नाटक जे म्हणतंय त्याच्या बरोब्बर उलटं कोर्टात सिद्ध झालं.

प्रश्न : पण बॉम्ब पडत असताना नाटक बघायला जातं तरी कोण?
– नाव नको, कोल्हापूर

जातात हो. १९९३ च्या ऑगस्टमध्ये बोस्नियातल्या साराजेवोला वेढा पडलेला, वीज नाही, पाणी नाही, आणि अमेरिकेच्या लेखिका सुझन सॉन्टाग तिथे जाऊन बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक बसवत होत्या. ज्या दोघांनी गोदोची वाट बघायची त्यांच्या त्यांनी तीन जोड्या केल्या आणि दोन अंकांपैकी पहिलाच अंक केला. उजेड मेणबत्त्यांचा. उपाशीपोटी नट इतके थकलेले असायचे की तालमीत आपलं वाक्य नसलं की तिथेच स्टेजवर आडवे व्हायचे, आणि वाक्य आलं की उठून बोलायचे.